किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या नोंदी टाकताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या ग्रुपवर रोज एखादा फोटो येऊन पडतो. मागे असाच एक कालवफोड्या (ऑयस्टरकॅचर) आला, खाली फक्त ‘आज, आक्षी!’ म्हणजे अलिबागजवळचा किनारा. आम्ही चौघं दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. पुळणीवर कुरवांपलीकडे (सीगल) काही नव्हतं. मग कळलं, फोटो दोन वर्षांपूर्वीचा. तो ‘आज’ फॉरवर्ड होत होत फिरत होता.

तेव्हा ‘आज’ लिहू नका, तारीख लिहा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की कॅमेऱ्याने टिपलेली तारीख-वेळ गळून जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर राहते. अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तर.

वेळेबरोबर भरती की सुकती, हेही लिहा. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या आसपास सुकती. पाच-दहा मिनिटांवरून भांडू नका, अंदाजाला पुरेसं आहे. सुकतीला चिखले आणि तुतवार (प्लोव्हर, सँडपायपर) खाडीच्या चिखलभर पांगतात. भरतीला तेच पक्षी उरलेल्या वाळूच्या पट्टीवर दाटीवाटीने उभे दिसतात. त्यामुळे रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीची ‘भाट्ये, चिखले १२’ अशी नोंद आली, तर एवढ्यावरून पक्षी कमी झालेत की नुसते पांगलेत, काही कळत नाही.

आता ओळख. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा कुरव, दोघांचीही डोकी हिवाळ्यात पांढरी. कानामागे एक डाग तेवढा उरतो. बसलेल्या पक्ष्याचे दहा फोटो काढण्यापेक्षा उडतानाचा एक काढा. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर दिसली तर काळ्या डोक्याचा. पण पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या पिल्लाला ते ठिपके नसतात, हे विसरून मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय.

सुरयांचं (टर्न) दुखणं वेगळं. ग्रेटर क्रेस्टेडची चोच पिवळी, लेसर क्रेस्टेडची नारिंगी, हे पुस्तकात ठीक. संध्याकाळच्या उन्हात पिवळी चोचही नारिंगीच दिसते. आकार आणि पाठीचा रंगही बघा: ग्रेटर अंगाने मोठा, पाठीला गडद. ठरत नसेल तर ‘तुरेवाला सुरय, नक्की नाही’ लिहा. त्यात कमीपणा कसला?

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, दुर्मीळ पक्षी टाकला की नोंदी तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा मेल येतो आणि काही जण फुगून बसतात. तो तुम्हाला खोटं ठरवत नसतो. उडतानाचे, धूसर आलेले फोटोही चढवा आणि काय दिसलं ते दोन ओळींत लिहा. घरी येऊन यादी भरत असाल तर नकाशावरची जागेची पिन तपासा, नाहीतर समुद्री सुरय ठाण्यातल्या सोसायटीत उतरतो.

घरट्यांची पिन मात्र कुठेच टाकू नका. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड तेच घरटं डागडुजी करून वर्षानुवर्षं वापरतो. एकदा जागा फुटली की दर रविवारी खाली ट्रायपॉड लागतात. फार तर तालुका सांगा. वेंगुर्ल्यासमोरच्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर सुरयांचा विणीचा हंगाम असताना ‘जवळून फोटो’साठी होडी लावायला सांगणाऱ्यांना माझ्याकडून तरी होडीवाल्याचा नंबर मिळत नाही.

पावसाळ्यात वादळानंतर बूबीसारखा दर्यातला पक्षी थकून पुळणीवर बसलेला सापडतो. लोक त्याला परत लाटांत ढकलतात किंवा तोंडात बांगडा कोंबतात. दोन्ही नको. चोच लांब ठेवून टॉवेलने धरा, भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीला ठेवा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. फोटो नंतर.