चार मतं गोंधळ न होता कशी द्यावी

मुंबई सोडली तर राज्यातल्या बहुतेक महापालिकांत एका प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात, म्हणजे मतंही तेवढीच द्यावी लागतात. मशीनसमोर उभं राहून नावं शोधताना ज्येष्ठ मंडळी हमखास गोंधळतात.

उपाय सोपा आहे. उमेदवारांची अंतिम यादी लागली की कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा: अ, ब, क, ड, म्हणजे प्रभागातल्या चार जागा. प्रत्येकीपुढे पसंतीच्या उमेदवाराचा अनुक्रमांक आणि नाव. अनुक्रमांक आवर्जून लिहा, कारण एकाच आडनावाचे दोन-तीन उमेदवार असतात. मोबाईलवर टिपून उपयोग नाही, तो आत नेता येत नाही.

आत गेल्यावर कागद बघून वरून खाली जा. प्रत्येक जागेसाठी एकच बटण, नावाशेजारचा लाल दिवा लागला की पुढची जागा. एखाद्या जागेसाठी कुणीच पटत नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’ दाबा, पण जागा वगळू नका. सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्यावरच शेवटचा लांब बीप वाजतो, तोपर्यंत तिथून हलू नका.

कागदावर पक्षाचं नाव किंवा चिन्ह नको. आणि तो केंद्रात कुणाला दाखवू नका, घडी घालून खिशात ठेवा.