निफाडच्या थंडीचा आकार कसा काढायचा

नाशिकच्या द्राक्षवाल्यांना पारा किती घसरला ते रोज सकाळी व्हॉट्सॅपवर कळतंच, पण त्या आकड्यांना आकारही असतो. नासाच्या ‘पॉवर’ या हवामानाच्या आकड्यांच्या साइटवर निफाडचे अक्षांश-रेखांश टाका, 1981 पासूनचं रोजचं किमान तापमान फुकट मिळतं (मोठ्या चौकोनाचं आहे हां, तुमच्या बागेतल्या थर्मामीटरचं नाही), ते एक्सेलमध्ये घ्या आणि आधी 15 दिवसांची सरासरी काढा, हे टाळू नका, नाहीतर नुसता ठिपक्यांचा गिचका होतो. आता आडव्या अक्षावर आजचं तापमान, उभ्यावर 90 दिवसांपूर्वीचं. वाकडंतिकडं का होईना, कडं दिसेल! ऋतू दरवर्षी फिरून येतात ना. आकड्याला त्याच्याच जुन्या आकड्यासमोर मांडायचं, ही गणितज्ञ टाकेन्सची 1981 ची युक्ती.

मधलं भोक खरं का? प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ फुगवत न्या, जे भोक उशिरापर्यंत बुजत नाही ते खरं, लगेच बुजतं ते नॉइज, म्हणजे आकड्यांतली नुसती खळबळ. पायथनमध्ये रिप्सर नावाचं पॅकेज हे करून देतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. सरासरी न काढलेल्या डेटात गेल्या तीन दिवसांसारखेच दिवस जुन्या डिसेंबरांत शोधा आणि त्यानंतर पारा कुठेकुठे गेला त्या रेषा एकावर एक काढा, सुरुवातीला चिकटून चालतात आणि मग फाकतात, हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झने 1963 मध्ये दाखवलं ते हेच. रेषा फाकेपर्यंतच त्यांच्यावरून काढलेल्या अंदाजावर भरवसा ठेवा.