आईला स्किझोफ्रेनिया असेल, तर मुलासाठी घरच्यांनी काय करायचं

आधी आजाराचं नाव सांगा. 'आई दमलीय', 'आई मामाकडे गेलीय' म्हणून वेळ मारून नेली की मूल स्वतःच कारण शोधतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा एकच कारण सापडतं: मी त्रास दिला म्हणून. आजीने 'तिला बाहेरचं लागलंय' म्हटलं, तर ते आईच्या जवळ झोपायलाही घाबरतं.

एवढं सांगितलं तरी पुरतं: 'आईला स्किझोफ्रेनिया नावाचा आजार आहे. त्यात तिला नसलेले आवाज ऐकू येतात आणि ते खरेच वाटतात. हा तुझ्यामुळे झालेला नाही. तू कितीही शहाण्यासारखं वागलास तरी त्याने तो बरा होणार नाही. ते काम डॉक्टरांचं आणि आमचं.' एकदा सांगून भागत नाही. दहा-बारा वर्षांचं मूल 'मलाही होईल का?' हा प्रश्न मनात घेऊन फिरतं, तोंडाने विचारत नाही. तुम्हीच विषय काढा: आई किंवा वडिलांना हा आजार असलेल्या शंभर मुलांपैकी साधारण दहांना तो होतो, बाकीच्यांना नाही. गांजाने धोका वाढतो, हेही वयात येताना स्पष्ट सांगा.

गोळ्यांची जबाबदारी मुलावर नको. 'आईने गोळी गिळली का बघ' म्हटलं की ते पोर पहारेकरी होतं. वरणात किंवा चहात गोळी कालवून मुलाच्या हाती वाटी देणं तर कधीच नको. जेवणात कोणीतरी विष घालतंय, हाच अनेकदा आजारातला संशय असतो. चव लागली की तो थेट मुलावर येतो आणि घरातलं तिला आपलं वाटणारं शेवटचं माणूसही तुटतं. आई गोळ्या घेतच नसेल तर डॉक्टरांना सांगा. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही असतात.

आईला भास होत असताना मुलाने वाद घालायचा नाही आणि होला होही करायचं नाही. एक वाक्य पाठ करून घ्या: 'मला आवाज येत नाही, पण तुला भीती वाटतेय ना, मी बाबांना बोलावतो.'

आई बरी असताना, तिच्यासमोर बसून, एक कागद तयार करा. त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं, ते तिलाच विचारून लिहा: सलग दोन रात्री झोप नाही, खिडक्या बंद करून घेणं, आंघोळ सुटणं. मग दोन मोठ्या माणसांचे नंबर, त्यातलं एक घर चालत गाठता येईल असं. त्या रात्री मूल कुठे झोपेल, तेही लिहा. खाली तातडीसाठी 112, मुलांसाठी 1098 आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक प्रत दप्तरात ठेवा. नुसतं मोबाइलवर विसंबू नका. फोनमधून कोणी ऐकतंय असं वाटून आई तो बंद करून लपवून ठेवू शकते. शेजारच्या घरापर्यंत मुलाला एकदा अंधारात चालत नेऊन आणा, म्हणजे वेळेवर पाय अडणार नाहीत.

आईला भरती करावं लागलं, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल तिच्यापासून सहसा वेगळं करायचं नसतं. मोठ्या मुलाला डॉक्टरांना विचारून भेटीला न्या, पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटंच. आत जाण्याआधी सांगा की औषधाने आई सुस्त असेल, हात थरथरतील, कदाचित हसणार नाही. हे आधी कळलं नाही, तर मुलाला वाटतं की आई आपल्यावर रागावलीय.

शाळेत फक्त वर्गशिक्षकांना सांगा, मुलाला विचारूनच. मागणी नेमकी ठेवा: उशीर झाला तर बाहेर उभं करू नका, वही राहिली तर दुसऱ्या दिवशी घ्या, आणि डबा आणलाय का तेवढं बघा.