मुलं घरी प्रयोग करतायत आणि सर स्क्रीनवर, मग सेफ्टी कशी सांभाळायची?

ऑनलाइन सायन्स प्रोजेक्ट घेताना खरी अडचण एकच, काही पेटलं किंवा सांडलं तर आपण मुलाला मागे ओढू शकत नाही, नुसतं स्क्रीनवरून ओरडू शकतो. त्यामुळे जे काय ठरवायचं ते सगळं आधीच.

पहिली स्टेप म्हणजे मुलाकडून प्रयोग त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: काय काय लागणार, किती, कुठल्या खोलीत करणार, त्यातून काय तयार होणार आणि उरलेलं कुठे टाकणार (हे शेवटचं कोणीच लिहीत नाही, मागे लागून लिहून घ्या). लिहिलं की गडबड दिसते. उदा. पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस (पाण्यात वीज सोडून त्यातले वायू वेगळे करणं), दिसायला एकदम साधं, पण पाण्यात मीठ टाकलं की क्लोरिन वायू निघतो, आणि इलेक्ट्रोड (वीज पाण्यात नेणारी टोकं) म्हणून स्टीलचे चमचे लावले तर त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं.

मग दुसरी स्टेप, प्रयोगच बदला. गॉगल-ग्लोव्हज लागतातच पण ते शेवटचा उपाय, आधी धोकाच काढता येतो का बघायचं. मिठाऐवजी खायचा सोडा, स्टीलऐवजी पेन्सिलची शिसं (म्हणजे ग्राफाइट, शिसं धातू नाही), करंट फक्त बॅटरीचा, खिडकी उघडी, आणि निघणारा गॅस साठवायचा नाही कारण त्यात हायड्रोजन असतो. बॅक्टेरिया वाढवायचेत म्हणाला तर घरी सरळ नाही, इंटरनॅशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअरच्या नियमातही घरी कल्चर वाढवायला बंदी आहे, सॅम्पल घरून घेता येतं पण वाढवायचं लॅबमध्ये. त्यापेक्षा यीस्ट घ्या, बाटलीवर फुगा लावून किती फुगतो ते मोजा, डेटा पण छान मिळतो.

काही गोष्टींवर चर्चाच नको. भिंतीतल्या सॉकेटची वीज, मायक्रोवेव्ह उघडणं, लिथियम बॅटरी फोडणं, बंद बाटलीत ड्राय आइस, आणि सफाईची दोन लिक्विडं एकत्र करणं, कारण ब्लीच आणि ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर मिळून परत क्लोरिनच.

तिसरं, मोठं माणूस. "आई घरी आहे" चालणार नाही, त्याच खोलीत कोण, किती वाजता, नावासकट लिहा. दमा, ॲलर्जी वगैरे पालकांना वेगळं विचारा, सगळ्यांसमोर नको. घरात लहान भावंड असेल तर बटण सेलवाले प्रोजेक्ट मी तरी टाळतो, गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

प्रयोगाच्या दिवशी आधी मांडणीचा फोटो मागवा, टेबलाचाच नाही, आजूबाजूचा आणि जमिनीचा पण. आणि एक नियम पक्का, कॉल कट झाला की प्रयोग बंद, नेट परत येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. मुलं कुरकुर करतात, करू दे.

प्रत्येक मुलाच्या घरचा पत्ता आणि त्याच्या भागातला इमर्जन्सी नंबर तुमच्यासमोर कागदावर हवा, तो दुसऱ्या शहरात असेल तर तुमच्या इथला नंबर फिरवून काय उपयोग. भाजलं तर 20 मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही. डोळ्यात काही उडालं तर लगेच नळाखाली, निदान 15 मिनिटं, आणि मग डॉक्टर.

थोडक्यात वाचलं असं काही झालं तर मुलाला झापू नका, नाहीतर पुढच्या वेळी सांगणारच नाही. काय झालं ते त्याच कागदावर लिहा आणि तोच प्रयोग पुढच्या मुलाला द्यायच्या आधी वाचा.