नूतनीकरण केलेली जुनी इंग्लिश दुनळी कशी पारखावी

दस्त्याची झळाळी आणि नव्याने काळ्या केलेल्या नळ्या यांकडे सर्वांत शेवटी पाहावे. प्रथम बंदूक उघडून दोन्ही कक्ष (नळीतील काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री करावी, मग पुढचे लाकूड काढून नळ्या वेगळ्या कराव्यात आणि त्यांच्या खालच्या सपाट भागावरील लंडन किंवा बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकांची सुरक्षितता-चाचणी (प्रूफ) करणाऱ्या संस्थेचे, ठसे वाचावेत. 19व्या शतकातील बंदुकीची चाचणी बहुधा फक्त काळ्या दारूसाठी (जुन्या काळच्या बंदुकीच्या दारूसाठी) झालेली असते. नव्याने चाचणी झाल्याशिवाय तिच्यात आधुनिक काडतूस वापरू नये. कक्ष अडीच इंचांचा असेल, तर पावणेतीन इंची काडतूस आत सहज बसले तरीही ते चालत नाही.

खरा प्रश्न नळीच्या जाडीचा आहे. गंजाचे खड्डे घालवण्यासाठी आतून घासलेली नळी आरशासारखी चमकते, पण तितकीच पातळ झालेली असते. म्हणून जाणकार बंदूककाराकडून संपूर्ण लांबीभर जाडी मोजून घ्यावी आणि आतील व्यास ठशातील नोंदीशी ताडून पाहावा. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतील आकाराचे माप) नळीचा नाममात्र व्यास .729 इंच असतो. घासल्यामुळे प्रूफ रद्द ठरलेली बंदूक विकणे हा ब्रिटनमध्ये 1868 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

सुट्या नळ्या टांगून बोटाने हलकेच टिचकी मारावी. आवाज घुमण्याऐवजी बद्द आला, तर मधल्या पट्टीचा डाख सुटल्याची शंका घ्यावी. नक्षीच्या कडा बोथट असतील, तर पॉलिश अति झाले आहे, आणि माझ्या मते ते नुकसान भरून येत नाही.