मशीन शॉपमध्ये नव्याने लागताय? आधी कूलंट समजून घ्या

आयटीआयमध्ये टर्नर किंवा मशिनिस्टचा ट्रेड करताना फीड, स्पीड, टूल अँगल सगळं घोटून घेतात. कूलंटचा, म्हणजे धातू कापताना टूलवर सोडतात त्या तेल-पाण्याच्या मिश्रणाचा, विषय दोन ओळींत संपतो: टूल थंड राहतं, फिनिश चांगलं येतं. पण भोसरीच्या एखाद्या शॉपमध्ये ऑपरेटर म्हणून लागलात की पाळीभर हात त्याच पांढऱ्या पाण्यात असतात आणि त्याचाच धूर नाकात जातो. मी सेटर आहे, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारा. हाताखाली नवीन मुलं आली की प्रोग्रॅमच्या आधी मी त्यांना कूलंटची टाकी दाखवतो.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. शुक्रवारी पहिल्या पाळीला शटर उघडलं की एखाद्या मशीनपाशी सडक्या अंड्यांचा वास येतो. सुट्टीच्या दिवशी स्लाइडवेचं (मशीनचे भाग सरकतात त्या पट्ट्यांचं) तेल टाकीवर तवंग धरून बसतं, खाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय वाढणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पंप चालू झाला की वास हळूहळू विरतो, म्हणून सगळे समजतात की काम झालं. जंतू मात्र तिथेच असतात, आणि त्यानंतर तेच पाणी फवाऱ्याने तुमच्या तोंडासमोर उडतं. तवंग रोज काढा, तवंग ओढून काढणारा स्किमर असेल तर तो बंद पडू देऊ नका, तळाला चिप्सचा (धातूच्या किसाचा) गाळ साचू देऊ नका. टाकीत गुटखा थुंकणारा किंवा उरलेला चहा ओतणारा कोणीही असो, त्याला तिथल्या तिथे अडवा. जंतूंना खायला आपणच घालतो.

दुसरी गोष्ट रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे कूलंट किती दाट आहे ते मोजायचं साधन. काचेवर दोन थेंब टाकायचे, रीडिंग घ्यायचं आणि त्या कूलंटच्या फॅक्टरने (ठरलेल्या गुणकाने) गुणायचं. रीडिंग 4 आणि फॅक्टर 1.5 असेल तर टाकीत 6 टक्के आहे. किती हवं ते कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मिश्रण दाट होतं आणि कातडीला झोंबायला लागतं. नुसतं पाणी ओतत राहिलात तर ते पातळ होतं, जॉबला (मशीनवर घडवायच्या तुकड्याला) गंज धरतो, जंतू फोफावतात. म्हणून टॉप-अप हलक्या मिश्रणाने करायचा, आणि मिश्रण करताना आधी पाणी घेऊन त्यात कूलंटचं तेल सोडायचं. वास आला म्हणून अंदाजाने जंतुनाशक ओतणं तर फार वाईट, कारण त्यातल्या काही रसायनांचीच अनेकांना ॲलर्जी होते.

आता हातांबद्दल. पाण्यात मिसळायच्या कूलंटचा पीएच साधारण 8.5 ते 9.5 असतो, त्यामुळे कातडीचं नैसर्गिक तेल निघून जातं. त्यात चिप्सचे बारीक चरे, आणि वापरलेल्या कूलंटमध्ये उतरलेले निकेल, क्रोम, कार्बाइड टूलमधला कोबाल्ट. सुरुवात बहुधा बोटांच्या बेचक्यांत, अंगठीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली होते: खाज, लाली, मग भेगा. शॉपमध्ये म्हणतात, ‘सुरुवातीला होतंच, हात सरावतात.’ हे अजिबात मानू नका. एकदा ॲलर्जी बसली की नंतर थोड्याशा संपर्कानेही ती उसळते, आणि चांगल्या हातांच्या कारागिराला मशीन सोडावं लागतं. आमच्या ओळीतल्या एका ऑपरेटरचे हात गणपतीला गावी गेला की बरे व्हायचे आणि कामावर परतला की पुन्हा फाटायचे. डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न तोच होता: सुट्टीत बरं वाटतं का?

हात रॉकेलने, थिनरने किंवा कपड्यांच्या पावडरने धुऊ नका. सौम्य साबण, बेचक्यांपर्यंत कोरडं पुसणं, पाळी संपल्यावर मलम, एवढं नियमाने करा. होजिअरीचे हातमोजे कूलंट शोषतात आणि तेच तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतात. जॉब काढ-घाल करताना नायट्राइलचे घाला. फिरत्या स्पिंडलजवळ मात्र कोणतेही हातमोजे नकोत, हात ओढला जातो.

तेलकट वेस्ट (पुसायच्या चिंध्या) पँटच्या खिशात कोंबायची सवय तर आजच सोडा. फ्रान्सच्या आर्व्ह खोऱ्यात ऑटोमॅटिक लेथवर काम करणाऱ्यांमध्ये अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग आढळला होता, तो तेलाने भिजलेल्या कपड्यांमुळे. कमी शुद्ध केलेली खनिज तेलं माणसात कर्करोग करतात, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. आजची चांगली कटिंग ऑइल्स बरीच शुद्ध असतात, पण स्वस्तातल्या सुट्या डब्यात काय आहे ते कोण सांगणार?

फुप्फुसांचं दुखणं उशिरा कळतं. मशीनची सायकल (एका जॉबची कटिंग) संपल्याबरोबर त्याचं दार उघडलंत की सगळा धूर तोंडावर येतो. थोडं थांबा, धुकं शोषून घेणाऱ्या मिस्ट कलेक्टरला तो आत ओढू द्या. एअर गनने जॉब झटकताना कूलंट हवेत उडतं, त्याऐवजी जिथे जमेल तिथे पुसा. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेने 1998 मध्ये हवेतल्या अशा धुक्यासाठी घनमीटरला 0.4 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. बंद शेडमध्ये दिव्याभोवती धुकं दिसत असेल तर हवा मोजून घ्या म्हणून मागे लागा. 2003-04 मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज इथल्या इंजिन कारखान्यात दूषित द्रवाच्या धुक्यामुळे अनेक कामगारांना दमा आणि फुप्फुसांची ॲलर्जिक सूज आली. हा दुसरा आजार फसवा असतो: पाळीनंतर काही तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, जिना चढताना धाप. व्हायरल समजून गोळी घेतली जाते, दोन दिवसांत बरं वाटतं, कामावर गेलं की परत तेच. असं दोनदा झालं तर छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘मी कूलंटवर काम करतो’ हे न विचारता सांगा.

कूलंटच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्याच्या तिसऱ्या भागात घटक असतात, आठव्यात संरक्षणाची साधनं. तो डॉक्टरांना दाखवला की त्यांचं निम्मं काम होतं. कातडीचा आजार कामामुळे झाला असेल तर तो व्यवसायजन्य आजार ठरू शकतो, तेव्हा ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड असेल तर तिथेच तपासून घ्या, केसपेपरवर कामाचं स्वरूप लिहायला लावा आणि सगळे कागद जपून ठेवा. सुपरवायझरकडे तक्रार करतानाही तोंडी न बोलता कूलंटच्या रजिस्टरमध्ये तारीख, रीडिंग आणि वास आला असेल तर तसं लिहून सही घ्या.