निकाल शोधताना आधी एलआयआय

कायद्याचा प्रश्न साध्या सर्चमध्ये टाकला की जाहिराती आणि ऐकीव लेखच वर येतात, न्यायालयाचा मूळ निकाल काही सापडत नाही. म्हणून सुरुवात 'वर्ल्डएलआयआय' या संकेतस्थळापासून करा (एलआयआय म्हणजे 'लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट', कायद्याची माहिती मोफत देणारी संस्था). तिथून त्या त्या देशाच्या मोफत कायदा-संग्रहापर्यंत जाता येतं: ब्रिटन-आयर्लंडसाठी 'बेलआयआय', कॅनडासाठी 'कॅनएलआयआय', ऑस्ट्रेलियासाठी 'ऑस्टएलआयआय'. अमेरिकेचे निकाल 'गूगल स्कॉलर' या गूगलच्या अभ्यासपर सर्चमध्येही आहेत, फक्त 'केस लॉ' (न्यायालयांचे निकाल) हा पर्याय निवडायचा.

१. कायद्याचं नाव आणि कलम अवतरण चिन्हांत टाकून शोधा.

२. एक चांगला निकाल हाती लागला की पुन्हा नवे शब्द शोधत बसू नका. त्यात उल्लेखलेले जुने निकाल उघडा, मग त्याचा उल्लेख करणारे नंतरचे. स्कॉलरमध्ये हे नंतरचे निकाल पाहण्यासाठी 'हाऊ साइटेड' ही लिंक आहे. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो.

३. वर्ष, न्यायालयाचं संक्षिप्त नाव आणि क्रमांक लगेच टिपून ठेवा. लिंक बंद पडली तरी त्यावरून निकाल पुन्हा सापडतो.

मात्र निकाल वरच्या न्यायालयाने फिरवलेला नाही ना आणि कलमात दुरुस्ती झालेली नाही ना, हे अधिकृत सरकारी संकेतस्थळावर तपासल्याशिवाय तो कुठेही वापरू नका.